मिसिसागात राहून 'आउटलँड': एका स्पॉन्सरशिप अर्जाचं प्रकरण

नवरा मूळचा नाशिकचा, वय छत्तीस, मिसिसागात एका लॉजिस्टिक्स कंपनीत नोकरीला. 2019 मध्ये स्टडी परमिटवर आला, नोव्हेंबर 2022 मध्ये एक्स्प्रेस एंट्री या गुणांवर निवड करणाऱ्या योजनेतून पीआर, म्हणजे कॅनडाचा कायम रहिवासी, झाला. बायको सांगलीची, वय चौतीस, बँकेत नोकरी करायची. दोघांचंही हे दुसरं लग्न. जानेवारी 2024 मध्ये सांगलीत लग्न झालं, जुलैमध्ये ती व्हिजिटर व्हिसावर टोरांटोला उतरली आणि सप्टेंबरात दोघं तिच्या पीआरसाठीच्या स्पॉन्सरशिप अर्जाचं विचारायला माझ्याकडे आले. मी ओंटारियोत परवानाधारक इमिग्रेशन सल्लागार म्हणून काम करते. ओळख पटेल असे तपशील इथे बदलले आहेत; कायद्याच्या बाजूला हात लावलेला नाही.

प्रश्न घेऊन आले होते, पण उत्तरही घरूनच ठरवून आले होते. "ताई, ही इथेच आहे, म्हणजे इनलँडच टाकायचं ना? तुम्ही फक्त फॉर्म तपासून द्या." नवऱ्याच्या ऑफिसातल्या दोघांनी तसंच केलं होतं. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही यावर दुमत नव्हतं, आणि मंडळाच्या ग्रुपवर एकमत होणं ही तशी दुर्मीळ गोष्ट.

कॅनडाच्या नियमांत नवरा-बायकोसाठी दोन वर्ग आहेत. एक 'फॅमिली क्लास', ज्याला सगळे आउटलँड म्हणतात. दुसरा 'स्पाउज ऑर कॉमन-लॉ पार्टनर इन कॅनडा क्लास', म्हणजे बोलण्यातला इनलँड. फॉर्म जवळपास तेच, फी तीच, पोर्टलही एकच. कागदी गठ्ठा कुरिअरने पाठवायचे दिवस 2022 मध्येच संपले, त्यामुळे 'अर्ज कुठे करायचा' याचा अर्थ आता कुठल्या खिडकीवर नेऊन द्यायचा असा उरलेला नाही. स्पॉन्सरच्या फॉर्मवर कोणता वर्ग निवडला, त्यावर पुढचं सगळं ठरतं. इनलँडला एक अट आहे: नवरा-बायको कॅनडात एकत्र राहत असले पाहिजेत, आणि निर्णय होईपर्यंत राहिले पाहिजेत. आउटलँडला ती अट नाही. आणि आउटलँडच्या अर्जदाराने कॅनडाबाहेरच असलं पाहिजे, अशीही अट नाही.

हे शेवटचं वाक्य त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. बायको मिसिसागाच्या त्याच बेसमेंटमध्ये राहील, नवऱ्याबरोबर डबा करून देईल-घेईल, आणि अर्ज मात्र फॅमिली क्लासचा असेल. हे पूर्ण कायदेशीर आहे, आडमार्ग नाही.

फीचं सांगून टाकते, कारण तो प्रश्न सगळ्यात आधी येतो आणि त्याने काहीच ठरत नाही. 30 एप्रिल 2024 पासूनच्या दराने स्पॉन्सरशिपचे 85, अर्जाच्या प्रक्रियेचे 545 आणि पीआर हक्काचे 575, असे तेव्हा 1,205 डॉलर लागत होते. बायोमेट्रिकचे आणखी 85. दोन्ही वर्गांना सारखेच. नवऱ्याचा पगार किती हवा, हाही तसाच प्रश्न. आईवडिलांना स्पॉन्सर करताना उत्पन्नाची जी किमान पातळी लागते, ती जोडीदारासाठी साधारणपणे लागत नाही. स्पॉन्सर सोशल असिस्टन्सवर, म्हणजे सरकारी मदतीवर, नसावा (अपंगत्वाचं कारण सोडून), हे मुख्यतः पाहतात.

वर्क परमिटचा जुना हिशेब

मग सगळे इनलँड का म्हणतात? याला कारण आहे, आणि ते कारण एके काळी पक्कं होतं. 22 डिसेंबर 2014 पासून इनलँड अर्जदारांना ओपन वर्क परमिट, म्हणजे कुठल्याही कंपनीत नोकरी करण्याची परवानगी, मिळायला लागलं. आउटलँडवाल्यांना ते नव्हतं. आउटलँड टाकून बायको इथे व्हिजिटर म्हणून राहिली तर ती महिनोन् महिने घरात, कमाई शून्य, आणि मिसिसागाचं भाडं एकट्याच्या पगारावर. त्या काळात मीही बहुतेकांना इनलँडच सुचवायचे.

26 मे 2023 रोजी तेव्हाचे इमिग्रेशन मंत्री शॉन फ्रेझर यांनी ते चित्र बदललं. त्या दिवसापासून फॅमिली क्लासमधून अर्ज केलेल्या जोडीदारालाही ओपन वर्क परमिट मागता येऊ लागलं. अटी सोप्या आहेत. पीआरचा अर्ज पूर्ण असल्याची पोच, म्हणजे एओआर, हातात हवी. अर्जदार कॅनडात स्पॉन्सरच्याच पत्त्यावर राहत असावा. आणि त्याचं तात्पुरतं स्टेटस चालू असावं किंवा पुन्हा मिळवण्याजोगं असावं. ज्या एका गोष्टीसाठी लोक इनलँडकडे वळत, ती आता दोन्हीकडे सारखी झाली. पण ज्यांनी 2018 किंवा 2020 मध्ये अर्ज केले ते आजही आपल्या अनुभवावरून सल्ला देतात, आणि त्यांचा अनुभव खोटा नसतो, फक्त जुना असतो.

नवऱ्याला हे पटलं, पण लगेच नाही. त्याने फोन काढून आयआरसीसीच्या, म्हणजे कॅनडाच्या इमिग्रेशन खात्याच्या, साइटवर स्वतः वाचलं. मला अशी माणसं आवडतात.

मिरजेचं डायलिसिस

वर्क परमिटचा मुद्दा बाजूला गेला की मी एकच प्रश्न विचारते: पुढच्या दीड वर्षात हिला भारतात जावं लागेल का, आणि लागलं तर किती दिवस?

नवरा म्हणाला, "नाही, तसं काही नाही." बायकोने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाबांचं आहे ना." तिचे वडील मिरजेत आठवड्यातून दोनदा डायलिसिसवर. आई एकटी, तिला गुडघ्यांमुळे रिक्षात चढणं अवघड. थोरली बहीण कॅल्गरीला, तिची मुलं लहान. भाऊ नाही. सांगलीहून मिरजेला नेण्या-आणण्याचं काम तेव्हा एक शेजारी करत होता आणि तो किती दिवस करेल हे कोणालाच ठाऊक नव्हतं. थोडक्यात, तिला जावं लागणार होतं. कधी, एवढंच ठरायचं होतं.

इनलँड अर्ज चालू असताना कॅनडाबाहेर जाऊच नये, असा कायदा नाही. व्हिसा चालू असेल तर लोक पंधरा दिवसांसाठी जाऊन येतातही. पण परत आत घेण्याची हमी नसते, हे आयआरसीसी स्वतःच सांगते. शिवाय इनलँडचा पायाच 'कॅनडात एकत्र राहणं' हा असल्याने बायको चार महिने सांगलीत बसली तर अधिकारी विचारू शकतो, तुम्ही एकत्र राहता तरी का? आणि शेवटी पीआर व्हायच्या दिवशी इनलँडचा अर्जदार कॅनडात हजर असावाच लागतो. मधेच वर्ग बदलता येत नाही. अर्ज मागे घेऊन नव्याने भरायचा, म्हणजे पुन्हा रांगेच्या शेवटी. एकाच माणसासाठी दोन अर्ज एकाच वेळी चालवायलाही नियमांत मनाई आहे. आपल्याकडे 'एक हा, एक तो, जो आधी लागेल तो' असा विचार करणारे बरेच भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगते.

याउलट फॅमिली क्लासमध्ये ती सांगलीत असो, मिसिसागात असो, की कॅल्गरीला बहिणीकडे, अर्जावर त्याचा परिणाम होत नाही. नातं टिकून आहे हे दिसलं पाहिजे. बंधन आहे ते नवऱ्यावर. तो पीआर आहे, नागरिक नाही. त्यामुळे अर्ज चालू असेपर्यंत त्याचं वास्तव्य कॅनडातच हवं. नागरिक असता तर बाहेर राहूनही बायकोला स्पॉन्सर करता आलं असतं, फक्त ती पीआर झाल्यावर दोघं कॅनडात राहणार हे दाखवावं लागलं असतं. "मग आधी सिटिझनशिप घेऊ का?" असं त्याने विचारलं. विद्यार्थी म्हणून राहिलेले दिवस अर्धे धरून, जास्तीत जास्त 365 पर्यंत, कॅनडात 1,095 दिवस राहिल्याची सिटिझनशिपची अट त्याची लवकरच पुरी होणार होती. पण त्या अर्जालाही वेळ लागतो, आणि बायकोच्या अर्जासाठी पीआर पुरतं. थांबण्यात काही हशील नव्हतं.

फाइलचा कच्चा दुवा

इथवर बोलणं झालं तरी मी निर्णय सांगितला नाही. आधी कागद पाहिले.

पहिल्यांदा पाहिली ती तारीख. मुलगा पीआर होण्याआधी 'व्हिसासाठी' गुपचूप रजिस्टर लग्न करून ठेवायचं आणि विधीवत लग्न नंतर थाटात करायचं, ही आपल्याकडे सर्रास चालणारी रीत आहे. कॅनडाच्या कायद्याला रजिस्टरचं लग्न हेच लग्न. पीआर होताना ती बायको कागदावर दाखवली नाही, तर नियम 117(9)(डी) खाली तिला पुढे फॅमिली क्लासमधून स्पॉन्सर करता येत नाही, आणि इनलँडच्या वर्गालाही तसंच कलम आहे. सप्टेंबर 2019 पासून काहींसाठी सवलतीचं धोरण आलं, पण त्याच्या भरवशावर लग्नाच्या तारखा ठरवू नयेत. इथे तो घोळ नव्हता. नवऱ्याचा पहिला घटस्फोट नाशिकच्या कोर्टात 2021 मध्ये झाला, पीआर 2022 मध्ये, आणि या दोघांची ओळखच 2023 च्या ऑगस्टमधली. एका मावशीने जुळवलेली.

मग पासपोर्ट. तिचा पासपोर्ट 2017 चा, पहिल्या लग्नानंतरचा. नावाच्या रकान्यात तिचं नाव, त्यापुढे पहिल्या नवऱ्याचं नाव, आडनावही त्याचंच. शेवटच्या पानावर पत्नी/पतीच्या जागी पुन्हा तोच. घटस्फोट 2020 मध्ये झाला, आधार कार्डावर तिने माहेरचं नाव परत लावून घेतलं, पण पासपोर्ट तसाच राहिला, कारण मध्ये कोविड होता आणि नंतर त्याच पासपोर्टवर 2022 मध्ये बहिणीच्या बाळंतपणासाठी कॅनडाचा व्हिसा मिळाला. तो व्हिसा मल्टिपल एंट्रीचा, पासपोर्टच्या मुदतीपर्यंत म्हणजे 2027 पर्यंतचा. त्यावरच ती आत्ता आली होती.

आता हे अधिकाऱ्याच्या नजरेने बघा. समोर एका बाईचा अर्ज. पासपोर्टवर एका पुरुषाचं नाव, लग्नाच्या दाखल्यावर दुसऱ्याचं, आधारवर वडिलांचं. महाराष्ट्रात मधलं नाव बापाचं किंवा नवऱ्याचं असतं हे त्याला माहीत असेलच असं नाही. नवऱ्याची सूचना होती की आधी पासपोर्ट नवीन करून घेऊ. मी नको म्हटलं. नवीन पासपोर्ट म्हणजे नाव वेगळं, जुना रद्द, आणि चालू व्हिसा जुन्यावर. परत येताना विमानतळावर तो गुंता कोण सोडवत बसणार? फॉर्म पासपोर्टवरच्या नावानेच भरले, 'पूर्वी वापरलेली नावं' या रकान्यात बाकीची दोन्ही लिहिली, घटस्फोटाचा हुकूमनामा जोडला आणि एका पानाच्या पत्रात कोणतं नाव केव्हापासून व का, ते क्रमाने मांडलं. 2022 च्या व्हिजिटर अर्जात तिने स्वतःला 'घटस्फोटित' लिहिलं होतं, हेही तपासून घेतलं. तिथे 'विवाहित' किंवा 'अविवाहित' असतं तर खोटी माहिती दिल्याचा मुद्दा निघाला असता, आणि त्याची शिक्षा पाच वर्षांची बंदी.

पोलिस क्लिअरन्सच्या वेळी याच पासपोर्टने पुन्हा डोकं वर काढलं. त्यावरचा पत्ता सासरचा, पहिल्या सासरचा, कोल्हापूरचा. पडताळणी तिथे गेली तर दार कोण उघडणार आणि काय सांगणार! तिने सध्याचा पत्ता सांगलीचा दाखवून, त्याचे पुरावे जोडून अर्ज केला. उशीर झाला, पण मिळालं.

खरा कच्चा दुवा मात्र लग्नाचाच होता. दुसरं लग्न, त्यात दोघंही तिशी ओलांडलेले. सांगलीतला एक छोटा हॉल, तीसेक माणसं, हळद नाही, वरात नाही, मेंदी नाही. दुपारी जेवणं झाली आणि नंतर महानगरपालिकेत नोंदणी. फोटो मोजके, तेही कोणाच्या तरी फोनवरचे. शिवाय नवऱ्याचा थोरला भाऊ लग्नाला आलाच नाही, घटस्फोटित मुलगी नको म्हणून. ओळख ते लग्न, मध्ये पाच महिने.

नात्याविषयीच्या फॉर्मवर हे सगळं विचारतात: कोणी ओळख करून दिली, समारंभ कसा झाला, घरच्यांपैकी कोण हजर होतं, कोण नव्हतं आणि का. सप्टेंबर 2010 पासून कायद्यात दोन कसोट्या आहेत. लग्न खरं आहे का, आणि ते करताना मुख्य हेतू इमिग्रेशनचा होता का. यातली एकही घसरली तरी अर्ज गेला. भारतातलं लग्न म्हणजे चारशे माणसं आणि घोडा, अशी समजूत असलेल्या माणसाला तीस माणसांचा हॉल संशयास्पद वाटू शकतो. आपल्याकडे दुसरं लग्न असंच आटोपशीर करतात, हे त्याला कुणीतरी सांगावं लागतं. भावाचं कारण लिहायला नवरा तयार नव्हता. "घरातलं कशाला चव्हाट्यावर?" मी म्हटलं, "तुम्ही लिहिलं नाही तर रकाना रिकामा दिसेल, आणि रिकाम्या रकान्याचा अर्थ तो आपल्या मनाने लावेल." शेवटी लिहिलं, दोन ओळींत, कोणाला दोष न देता. मावशीचं पत्र जोडलं. दोघांना त्यांनी का जुळवलं, ते त्यांनी इतकं रोखठोक लिहिलं होतं की मला त्यात काही बदलावंसं वाटलं नाही.

नकार आला तर

असा कच्चा दुवा असला की दोन वर्गांतला सगळ्यात मोठा फरक पुढे येतो, आणि तो बहुतेकांच्या गावीही नसतो.

फॅमिली क्लासचा अर्ज नाकारला, तर स्पॉन्सरला इमिग्रेशन अपील डिव्हिजनकडे अपील करण्याचा हक्क आहे. मुदत तीस दिवस. तिथे प्रकरण नव्याने ऐकतात. नवे पुरावे देता येतात, नवरा समोर बसून बोलतो, बायको लांबून साक्ष देऊ शकते, मावशीलाही बोलावता येतं. लग्न खरं होतं हे तिथे पटवून देण्याची सोय आहे, आणि नात्याचा प्रश्न कागदापेक्षा माणसांच्या तोंडून लवकर सुटतो, असं माझं मत आहे.

इनलँड नाकारला, तर हे अपील नाही. उरतं ते फेडरल कोर्ट. तिथे आधी परवानगी मागायची, तीही कॅनडातल्या निर्णयासाठी पंधरा दिवसांत. परवानगी मिळाली तरी कोर्ट लग्न खरं की खोटं हे ठरवत नाही. अधिकाऱ्याचा निर्णय वाजवी होता का, एवढंच पाहतं. जिंकलात तर फाइल दुसऱ्या अधिकाऱ्याकडे नव्याने जाते. वकिलाची फी वेगळी. तीस माणसांच्या लग्नाची फाइल अपिलाचा हक्क नसलेल्या वर्गात टाकणं मला धाडसाचं वाटलं. धाडस त्यांचं, पण सल्ला माझा.

इनलँडच्या बाजूने मी त्यांना जे होतं ते सांगितलं. अर्जदाराचं स्टेटस संपलं असेल, म्हणजे मुदत उलटून राहिलेलं असेल, तर 2005 पासूनच्या धोरणानुसार इनलँडमध्ये त्याकडे दुर्लक्ष केलं जाऊ शकतं. तसं कोणी माझ्याकडे आलं तर मी इनलँडच म्हणेन, कारण त्या माणसाने बाहेर पाऊल टाकलं की परतीचा भरवसा नाही. ओंटारियोत इनलँड अर्जदार पात्र असल्याचं आयआरसीसीने कळवलं की आरोग्य विम्याचं ओहिप कार्ड मागता येतं, हाही फायदाच. पण वर्क परमिटवर सहा महिन्यांची पूर्णवेळ नोकरी असेल तर ते तसंही मिळतं. यातलं काहीच या बाईच्या बाबतीत निर्णायक नव्हतं. तिची मुदत जानेवारी 2025 पर्यंत होती, व्हिसा शाबूत होता.

क्युबेकमध्ये राहणाऱ्यांनी हे प्रकरण जसंच्या तसं उचलू नये. तिथे प्रांताचीही मंजुरी लागते आणि 26 जून 2024 पासूनच्या दोन वर्षांसाठी कौटुंबिक स्पॉन्सरशिपच्या 13,000 च अर्जांची मर्यादा ठेवली होती.

दिल्लीची धास्ती

फॉर्म भरून होत आले आणि ऑक्टोबर 2024 मध्ये भारत आणि कॅनडाने एकमेकांचे सहा-सहा राजनैतिक अधिकारी घालवले. त्या रात्री नवऱ्याचा फोन. "ताई, आउटलँड म्हणजे फाइल दिल्लीला जाणार. तिथे आता माणसंच नाहीत. इनलँड करूया."

धास्ती अगदीच बिनबुडाची नव्हती. वर्षभर आधी, ऑक्टोबर 2023 मध्ये कॅनडाचे 41 राजनैतिक अधिकारी भारतातून परतले होते, मुंबई, चंदीगड आणि बंगळुरूच्या वकिलातींत समोरासमोरची कामं थांबली होती, आणि आयआरसीसीची भारतातली माणसं 27 वरून 5 वर आली होती. पण त्याच वेळी आयआरसीसीने हेही सांगितलं होतं की भारतातल्या अर्जांपैकी 89 टक्क्यांचं काम आधीपासूनच भारताबाहेर होतं. व्हिसाचे कागद आणि पासपोर्ट स्वीकारणारी व्हीएफएसची केंद्रं खासगी कंपनी चालवते, ती चालू राहिली, पुण्याचंही. फाइल आता संगणकावर फिरते आणि कुठल्याही देशातला अधिकारी ती उघडतो. आउटलँडमध्ये एक धोका मात्र खरा आहे: मुलाखत लागली तर ती भारतातल्या कार्यालयात लागू शकते आणि बायकोला तिकीट काढून जावं लागतं. तिला तसंही जायचंच होतं. "मुलाखत लागली तर बाबांनाही भेटून येईन," असं तीच फोनवर मागून म्हणाली, आणि तो विषय मिटला.

अर्ज फॅमिली क्लासमध्ये गेला. डिसेंबरात एओआर आली, आणि व्हिजिटरची मुदत संपायच्या आत ओपन वर्क परमिटचा अर्ज टाकला. 155 अधिक 100 डॉलर. मुदतीच्या आत टाकल्यामुळे निर्णय येईपर्यंत ती कायदेशीरपणे राहू शकत होती, काम मात्र करू शकत नव्हती. या काळात कॅनडाबाहेर गेलं की ती सवलत तिथेच संपते, हे मी तिच्याकडून दोनदा वदवून घेतलं. बायोमेट्रिक पुन्हा द्यावे लागले. 2022 मध्ये दिलेले दहा वर्षं चालतात ते तात्पुरत्या व्हिसांसाठी, पीआरसाठी नाहीत. ते मिसिसागातच सर्व्हिस कॅनडाच्या ऑफिसात झाले. फेब्रुवारीत मेडिकल झालं, मार्चमध्ये वर्क परमिट आलं आणि तिला एका क्रेडिट युनियनमध्ये काउंटरवर काम मिळालं.

मे 2025 मध्ये वडिलांचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातात जोडलेली रक्तवाहिनी, बंद पडला. ती सहा दिवसांत निघाली. वर्क परमिट हा प्रवेशाचा व्हिसा नव्हे. परत येण्यासाठी जुन्या पासपोर्टवरचा तो 2027 चा व्हिसाच उपयोगी पडणार होता, म्हणून पासपोर्टला हात लावला नाही याचं मला तेव्हा बरं वाटलं. नोव्हेंबर 2024 पासून आयआरसीसीने सरसकट दीर्घ मुदतीचे मल्टिपल एंट्री व्हिसा देणं बंद केलं आहे, तेव्हा ज्यांच्याकडे जुने आहेत त्यांनी ते जपावेत. वेबफॉर्मवरून तिचा सांगलीचा पत्ता कळवला, जाण्याचं कारण आणि हॉस्पिटलचे कागद जोडले.

सांगलीचा मुक्काम लांबला. जुलैमध्ये पत्र आलं: लग्नानंतर एकत्र राहिल्याचे आणि संपर्काचे आणखी पुरावे द्या. मुलाखत नाही, पण घाम फोडणारं पत्र. बेसमेंटच्या भाडेकरारावर दोघांची नावं होती, संयुक्त खातं होतं, नवऱ्याच्या विम्यात ती वारस होती. त्यात मे नंतरचे व्हॉट्सॲप कॉलचे रेकॉर्ड घातले. नवऱ्याने सासऱ्यांच्या डायलिसिसचं बिल दर महिन्याला भरलं होतं, त्याच्या बँकेच्या नोंदी जोडल्या. त्या नोंदींबद्दल त्याने मला सांगितलंच नव्हतं. "त्यात काय सांगायचं," म्हणाला. माझ्या मते सगळ्या फाइलमधला तो सगळ्यात बोलका कागद होता.

सप्टेंबरात पासपोर्ट मागवला गेला, तेव्हाही ती सांगलीतच होती. इनलँड असतं तर आधी तिकीट काढून मिसिसागा गाठावं लागलं असतं, कारण इथे हजर असल्याशिवाय पीआर देता येत नाही. फॅमिली क्लासमध्ये तिने पुण्याच्या व्हीएफएसमध्ये पासपोर्ट दिला, त्यावर व्हिसा आला आणि पीआरच्या पुष्टीचं पत्र. त्या पत्राची मुदत मेडिकलच्या तारखेवरून ठरते. तिचं मेडिकल फेब्रुवारीतलं, म्हणून फेब्रुवारी 2026 पर्यंत उतरायची मुभा होती. दिवाळी वडिलांबरोबर केली, डायलिसिसला नेण्यासाठी महिन्याच्या बोलीवर एक रिक्षावाला ठरवला आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात ती टोरांटोच्या पिअर्सन विमानतळावर उतरली.

त्या दिवसापासून नवऱ्याने दिलेल्या हमीची तीन वर्षं सुरू झाली. या काळात तिने सरकारी मदत घेतली तर ती रक्कम त्याला भरावी लागेल, वेगळे झाले तरीसुद्धा. आणि तिला स्वतःला पाच वर्षं दुसऱ्या जोडीदाराला स्पॉन्सर करता येणार नाही. पासपोर्टवरचं नाव बदलायचं काम आता तिने हाती घेतलं आहे. पीआर कार्डावर मात्र जुनंच नाव आलंय, ते कार्ड बदलताना बदलेल.